बिऱ्हाड पाठीवर की शेपटीला?

ट्रेलर या वस्तूविषयी माझं मत वाईट आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे कुणीतरी मला निःपक्षपाती समजायचा. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मी ३१ वर्षं नोकरी केली. सांगलीकडच्या रस्त्यांवर गळिताच्या हंगामात रात्री ज्यानं स्कूटर चालवली आहे, त्याला ट्रेलर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पुढे ट्रॅक्टर, मागे उसानं शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या, मागच्या बाजूला दिवा या वस्तूचा पत्ता नाही, आणि ट्रॅक्टरवर गाणी इतक्या मोठ्यानं लावलेली की मागची ट्रॉली सुटून राहिली तर ड्रायव्हरला ते पुढच्या गावात कळावं. ट्रॅक्टर डावीकडे वळून मोकळा झाला तरी शेवटची ट्रॉली कुठे वळावं याचा विचार करत रस्ताभर पसरलेली असते. ओढणाऱ्याचं आणि ओढलं जाणाऱ्याचं मत प्रत्येक वळणावर वेगळं पडतं, हे मी काट्याच्या खिडकीतून ३१ हंगाम पाहिलं.

ही विद्या अमेरिकेत उपयोगी पडेल असं मात्र वाटलं नव्हतं.

आमची लेक आणि जावई कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतात. भाड्याचं घर. भाड्याचा आकडा मी इथे देत नाही. तो एकदा रुपयांत करून सौ.ला सांगितला, तर तिनं त्या दिवशी कोशिंबिरीत शेंगदाण्याचं कूट घातलं नाही, काटकसर म्हणून. २०२० साली सगळं जग घरात बसलं तेव्हापासून या दोघांचं ऑफिस घरीच आहे. आता ऑफिस घरी आलंच आहे तर घर कुठेही नेलं म्हणून काय बिघडलं, असा विचार जावयाच्या डोक्यात आला. भाडेकरार संपला की घर सोडायचं आणि वर्षभर चाकांवर राहायचं. समुद्र, डोंगर, वाळवंट, जिथे इंटरनेट पोचेल तिथे मुक्काम. त्यातले दोन महिने आम्ही म्हातारा-म्हातारी पण बरोबर. इथपर्यंत माझी काहीच हरकत नव्हती. माणसानं तरुणपणी फिरावं. मी पण त्या वयात फिरलो आहे, फक्त रजा शिल्लक असेल तेवढाच.

हरकत सुरू झाली ती 'कशात' या प्रश्नावर. मार्ग दोन होते. एक, वापरलेली व्हॅन घ्यायची. म्हणजे कुरियरवाल्यांची असते तसली उंच गाडी, आत माणूस ताठ उभा राहील अशी. तिच्यात पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून घ्यायची. दुसरा मार्ग नवाकोरा ट्रेलर. म्हणजे स्वयंपाकघर, मोरी, झोपायची खोली असं तयार घर, पण बिनइंजिनाचं. आणि ते ओढायला पुढे एक दणकट पिक-अप ट्रक. जावयानं कॉम्प्युटरवर एक तक्ता केला. त्यात १४ मुद्दे होते, प्रत्येकाला गुण होते, आणि ट्रेलर भरघोस गुणांनी पास झाला होता. सासऱ्याच्या मताला तक्त्यात रकाना नव्हता.

सौ. तक्ता न बघताच ट्रेलरच्या बाजूला गेली. "ओटा बघितलात का केवढा आहे?" एवढाच तिचा मुद्दा. लेक मधे. म्हणजे तुम्ही हिशेब करा: दोघं त्यांच्याकडे, मी एकटा, आणि एक मत कुंपणावर. अशा वेळी माणसानं पुरावे गोळा करावेत. मी केले.

पहिला पुरावा वजनाचा, आणि त्यात मला कुणी शिकवू नये. ट्रेलरच्या माहितीपत्रकात वजन छापलेलं होतं: ४,३०० पौंड. खाली बारीक अक्षरांत, हे 'कोरडं वजन' आहे. काट्यावर आयुष्य काढलेल्या माणसाचे कान अशा शब्दाला टवकारतात. कोरडं वजन म्हणजे रिकाम्या ट्रॉलीचं वजन. आता रिकामी ट्रॉली घेऊन कुणी शेतकरी कारखान्यावर येतो का? कारखाने काटा मारतात अशी शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. पण कुठल्याही कारखान्यानं रिकाम्या ट्रॉलीचं वजन उसाचं म्हणून छापल्याचं मी ऐकलं नाही. मी कागद घेऊन बसलो. पाण्याची टाकी ४० गॅलनची. एक गॅलन पाणी ८.३४ पौंड. म्हणजे नुसतं पाणी ३३४ पौंड, आपल्या भाषेत दीडशे किलो; म्हणजे मी, सौ. आणि विमानात न्यायची आमची एक हातबॅग. मग गॅसच्या टाक्या, बॅटऱ्या, अंथरुणं, भांडी, दोघांचे कॉम्प्युटर, दोघांच्या खुर्च्या, सायकली, शिधा. आमच्याकडून गेलेल्या सामानाबद्दल मी काही बोलत नाही. ते मी उचललं आहे, मला त्याचं वजन माहीत आहे. सगळं धरून आकडा ५,५०० पौंडांवर गेला.

आणि वजन नुसतं असून भागत नाही, ते कुठे आहे यालाही महत्त्व. ट्रेलरच्या पुढच्या दांड्याला इंग्रजीत जीभ म्हणतात. एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार त्या जिभेवर पडायला हवा. त्याहून कमी पडला तर मागचं घर डोलायला लागतं, आणि भर वेगात एकदा का ते डोलायला लागलं की पुढच्या गाडीलाही फुगडी घालायला लावतं. जास्त पडला तर पुढच्या गाडीचं बूड खाली बसतं आणि जी पुढची चाकं वळवून आपण जिवंत राहायचं असतं, तीच हलकी होतात. आपल्याकडे बैलगाडी उलार झाली की जू वर उचललं जातं आणि बैलाला फास लागायची पाळी येते, हे गावातलं पोरही जाणतं. पण गाडीवान गाडी भरतो तेव्हा पोती मोजून, बघून टाकतो. इथे कपाटं पुढे आहेत की मागे, हे कारखानदार ठरवणार आणि त्यांत काय ठेवायचं हे सौ. ठरवणार. म्हणजे लोणच्याची बरणी कुठल्या कपाटात ठेवायची हा प्रश्न सोयीचा राहिला नाही, जीवनमरणाचा झाला.

हे मी जेवताना सांगितलं. सौ. म्हणाली, "लोणच्याची बरणी प्लॅस्टिकची घेईन." वादात तिची ही पद्धत फार जुनी आहे. तुम्ही पूर आणलात की ती छत्री आणते.

मग मी सगळ्यांना एक सिनेमा दाखवला. १९५४ सालचा, 'द लाँग, लाँग ट्रेलर'. ल्युसिल बॉल आणि डेसी अर्नाझ. नवीन लग्न झालेलं जोडपं ट्रेलर घेऊन निघतं. बायकोला दर मुक्कामावरून आठवण म्हणून एकेक धोंडा उचलायचा नाद, शिवाय फळांच्या मुरंब्याच्या बरण्या. पुढे डोंगराचा चढ येतो. नवरा म्हणतो, धोंडे टाक. ती टाकत नाही, लपवते. पुढचं सांगत नाही, बघावा असा सिनेमा आहे. जावई पोट धरून हसला. सौ. हसली नाही. सिनेमा संपल्यावर म्हणाली, "मुरंबा कशाला टाकायचा? धोंडे टाकायचे." मी म्हटलं, प्रश्न मुरंब्याचा नाही. ट्रेलर मोठा असतो म्हणून माणूस त्यात भरतो, भरतो म्हणून ट्रक मोठा लागतो, ट्रक मोठा आला की म्हणतो आता काय, अजून भरा. रिकामी जागा दिसली की तिथे काहीतरी ठेवायचं, हा आपला राष्ट्रीय स्वभाव आहे. आमच्या सांगलीच्या घरात माळ्यावर पितळी बंब आहे, त्याला गेली ३० वर्षं कुणी पाणी तापवलेलं नाही. अशा घराण्याच्या हाती ट्रेलर देऊ नये. व्हॅन लहान असते. ती तुम्हाला पहिल्याच दिवशी विचारते, हे खरंच हवं का? आणि तुम्ही नाही म्हणता, कारण दार लागत नाही.

आपल्या भाषेनं या वादाचा निकाल केव्हाच देऊन ठेवला आहे. विंचवाचं बिऱ्हाड कुठे असतं? पाठीवर. शेपटीला बांधून फरफटत नेणारा विंचू अजून कुणी पाहिलेला नाही. जॉन स्टाइनबेक १९६० साली आपल्या कुत्र्याला घेऊन अमेरिका बघायला निघाला, तेव्हा त्यानंही पिक-अप ट्रकच्या पाठीवरच खोली बसवून घेतली होती, मागे गाडा लावला नव्हता. आणि इतकं लांब तरी कशाला जा? आपली वारी घ्या. माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरपर्यंत दिंड्या चालतात. दिंडीचा ट्रक पुढे जातो, तंबू, भांडी, धान्य, वारकऱ्यांच्या वळकट्या सगळं त्यात, आणि माणसं पोचायच्या आत चूल पेटलेली असते. चालतं-फिरतं राहणं याचा एवढा अनुभव जगात कुणाला असेल असं मला वाटत नाही.

आता कायदा. कॅलिफोर्नियात मागे ट्रेलर लावला की ताशी ५५ मैलांच्या वर जायचं नाही. बाकीची सगळी दुनिया तुमच्या डावीकडून सूं सूं करत जाते. तेही मी मान्य केलं असतं, मला घाई नाही. पण त्या राज्यात अशा ट्रेलरमध्ये, तो चालू असताना, माणसाला बसायलाच मनाई आहे. म्हणजे पलंग, ओटा, मोरी असं साग्रसंगीत घर मागून येतंय आणि आपण पुढे ट्रकमध्ये गुडघे मुडपून बसलोय. माझा डावा गुडघा तासाभरानं बोलायला लागतो. सौ.चे दोन्ही बोलतात. व्हॅनमध्येही चालत्या गाडीत पट्टा बांधून बसायचंच असतं, तिथे सूट नाही. पण गाडी कडेला घेतली की उठायचं, वाकून मागे जायचं, चहा टाकायचा. बाहेर पाऊस असो, वारा असो, पाय जमिनीला लावायला नको. ट्रेलरवाल्यानं आधी खाली उतरायचं, भिजत मागे जायचं, कुलूप काढायचं, पायरी ओढायची, मग चढायचं. रात्री अनोळखी ठिकाणी दारावर कुणी थाप मारली तर व्हॅनवाला आतल्या आत पुढे येऊन चावी फिरवतो आणि चालू लागतो. ट्रेलरवाल्याला आधी दार उघडावं लागतं. मुलीच्या बापाला हा मुद्दा तक्त्यातल्या १४ मुद्द्यांहून मोठा वाटला, तर त्यात नवल नाही.

लेकीला ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान बघायचं होतं. तिथे 'गोइंग-टू-द-सन' नावाचा घाटरस्ता आहे. त्याच्या मधल्या टप्प्यात २१ फुटांहून लांब वाहन नेता येत नाही, आणि मागे काही जोडलं असेल तर तेही धरून मोजतात. ट्रक आणि ट्रेलर मिळून ४३ फूट भरत होते. व्हॅन साडेएकोणीस. मी हा आकडा सांगितल्यावर लेक कुंपणावरून हळूच माझ्या बाजूला उतरली. जावई म्हणाला, "बाबा, ट्रेलर खाली सोडून ट्रकनं जायचं."

हा ट्रेलरपक्षाचा ब्रह्मास्त्र-मुद्दा. घर एका जागी सोडा, गाडी सुटी करा, मोकळे फिरा. व्हॅनवाल्याला दूध आणायला जायचं तरी सगळं घर घेऊन जावं लागतं. हे खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण सोडणं म्हणजे काय, ते एकदा पाहून घ्या. आधी मुक्कामाच्या जागी ट्रेलर उलटा आत घालायचा. तो मागे घेताना डावीकडे न्यायचा असेल तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं असतं. आमचे ट्रॅक्टरवाले दोन ट्रॉल्या असल्या की मागे घेण्याच्या फंदातच पडत नाहीत, आणि त्यांचा जन्म त्यात गेलेला असतो. इथे जन्म कॉम्प्युटरपुढे गेलेला. बायको मागे उभी राहून हात करते, नवऱ्याला आरशात ती दिसत नाही, आणि शेजारच्या तंबूतली मंडळी खुर्च्या ओढून बघायला बसतात. अमेरिकेतल्या कित्येक सुखी संसारांतले कडू शब्द या एका जागी बोलले जात असतील. मग चाकांना उटी लावा, हूक सोडा, चारी कोपरे समपातळीत आणा, पाण्याचा पाइप जोडा, विजेची वायर जोडा, आणि शेवटी तो दुसरा पाइप.

त्या दुसऱ्या पाइपविषयी मराठी वाचकांपुढे स्पष्ट बोलणं भाग आहे. ट्रेलरच्या पोटात सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. भांडी-आंघोळीच्या पाण्याला करडं पाणी म्हणतात. उरलेल्याला काळं पाणी म्हणतात. काळं पाणी! ज्या शिक्षेच्या नावानं आपले वाडवडील चळाचळा कापले ती शिक्षा दर चार-पाच दिवसांनी, हातमोजे घालून, स्वखुशीनं भोगायची, आणि त्यासाठी बँकेकडून कर्ज घ्यायचं. व्हॅनमध्ये सुटकेसएवढी एक पेटी असते, ती उचलून न्यावी लागते. तेही काही देवपूजेचं काम नव्हे. पण पेटी भरत आली की माणूस आपोआप सार्वजनिक सोयीकडे वळतो, आणि त्या देशात त्या सोयी, खरं सांगतो, चांगल्या आहेत.

जावयाचा खरा बिनतोड मुद्दा वेगळाच होता. वापरलेली व्हॅन बंद पडली तर घरच गॅरेजमध्ये जातं. मग राहायचं कुठे? यावर मी दोन दिवस विचार केला. माझं उत्तर असं: ट्रक बंद पडला तर? ट्रेलर स्वतः चालत नाही. तो मुक्कामाच्या जागी असला तर ठीक, पण ट्रक बंद पडतो तो घाटात, आणि मागे घर असतानाच पडतो, कारण त्याला धाप तेव्हाच लागते. मग एक लंगडं आणि एक पांगळं, दोन्ही रस्त्याच्या कडेला. व्हॅन गॅरेजात गेली तर चार रात्री लॉजवर काढायच्या. दोन गाड्यांच्या ऐवजी एकच विमा, आठ टायरांच्या ऐवजी चारच टायर, यांतून जे वाचतं त्यात लॉज बसतं. आणि ट्रेलरला इंजिन नाही म्हणून तो बिघडत नाही ही तर निव्वळ अफवा. त्याला चाकं आहेत, बेअरिंगं आहेत, ब्रेक आहेत, आणि छताचे सांधे आहेत. सांधा एकदा गळायला लागला की आतलं लाकूड कुजतं. गळकं छप्पर ज्यानं पाहिलं आहे तो इंजिनाला इतका भीत नाही.

पण हे सगळे मुद्दे, वजनाचे, जिभेचे, काळ्या पाण्याचे, मी चारचौघांत बोलायचे म्हणून बोललो. माझ्या मनातला मुद्दा मी लेकीला एकटीला गाठून सांगितला.

नव्या ट्रेलरला तिकडे १५ वर्षांपर्यंतचं कर्ज मिळतं. शिवाय ट्रकचं वेगळं. वस्तू शोरूमच्या फाटकाबाहेर पडते त्या क्षणी तिची किंमत उतरते; हप्ता उतरत नाही. आणि नोकऱ्या कशा आहेत? २०२२-२३ मध्ये त्या भागातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी हजारोंनी माणसं काढली. आमच्या कारखान्यात माणूस काढायचा म्हणजे युनियन, मोर्चा, कोर्ट, आणि शेवटी तो माणूस साहेबांच्या आधी कामावर हजर. इथे सकाळी लॅपटॉप उघडत नाही, एवढाच निरोप. जावयाच्या शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा असा गेला होता. तेव्हा १५ वर्षांचा हप्ता डोक्यावर आणि स्वतःचं छप्पर ते हप्त्यावालं, हे माझ्या जुन्या छातीला पेलत नव्हतं.

त्या भागात संध्याकाळी फिरायला गेलो की काही रस्त्यांच्या कडेनं जुन्या व्हॅना, ट्रेलर, घरगाड्या ओळीनं उभ्या दिसायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, हौशी मंडळी. मग पडद्याआडून शाळेची दप्तरं दिसली, आणि पहाटे कामाला जाणारी माणसं बाहेर पडताना दिसली. हे फिरायला निघालेले लोक नव्हते. भाडं परवडत नाही म्हणून चाकांवर आलेले लोक होते, आणि चाकं असूनही कुठेच जात नव्हते. जवळच्याच माउंटन व्ह्यूनं, म्हणजे गूगलच्या गावानं, नोव्हेंबर २०२० मध्ये मतदान घेऊन अरुंद रस्त्यांवर असल्या मोठ्या गाड्या उभ्या करायला बंदी घातली. 'नोमॅडलँड' नावाच्या सिनेमाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, तो याच विषयावर आहे. म्हातारपणी गाडीत राहून मिळेल तिथे हंगामी काम करणाऱ्या बाईची गोष्ट. मला तो बघताना आमच्याकडे दिवाळीच्या सुमाराला बीडकडून येणाऱ्या ऊसतोडीवाल्यांची आठवण झाली. तेही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार घालून येतात, पोरं, कोंबड्या, पत्र्याच्या पेट्या सगळं वर. फडाशेजारी कोपी घालतात आणि हंगाम संपला की परत जातात. त्यांनी मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. माझ्या काट्यावर त्यांच्या उसाचं वजन व्हायचं, उचलीचं कधी झालं नाही.

मी लेकीला म्हटलं, "हे बघ, फिरायचं तर उचल न घेता फिरा. जुनी गाडी रोख पैशानं घ्या. वर्षानं कंटाळलात, विका. मधेच काही झालं, त्या दिवशी विका. दोघांत तिसरं माणूस यायचं ठरलं, तरी विका. जी वस्तू विकताना जीव तुटत नाही, तीच घेऊन लांब जावं." ती काही बोलली नाही. रात्री दोघांचं बोलणं झालं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तक्त्यात एक नवीन रकाना होता आणि ट्रेलर काठावर आला होता.

चौघं झोपणार कुठे, हा सौ.चा शेवटचा किल्ला. मी म्हटलं, आपण दोघं व्हॅनमध्ये, ती दोघं तंबूत. यावर ती म्हणाली, "जावयाला तंबूत झोपवायचं? लोक काय म्हणतील?" कुठले लोक? ज्या वाळवंटात जाणार तिथे मैलोन्मैल लोक नाहीत, म्हणून तर तिथे चाललोय. पण जावयाला तंबूची कल्पना अतिशय आवडली, आणि त्याच संध्याकाळी त्यानं तंबूंचा एक वेगळा तक्ता सुरू केला.

मग जुनी व्हॅन बघायला गेलो. नळकाम करणाऱ्या एका गृहस्थांची होती, मागे दोन जादा आसनं असलेली. जुनी गाडी घेणाऱ्यानं नुसते मैल बघू नयेत, इंजिन किती तास चाललं तेही विचारावं. कामाची गाडी उभ्या-उभ्या चालू ठेवलेली असते, त्याचे मैल पडत नाहीत, पण झीज होते. मैल कमी आणि तास फार, असं असलं तर सावध. इंजिन गार असताना सुरू करायला लावावं. आपण पोचण्याआधीच मालकानं गरम करून ठेवलं असेल तर परत उद्या यावं. कागद अस्सल आहेत का, अपघातात मोडीत काढून पुन्हा उभी केलेली तर नाही ना, हे त्यांच्याकडे नोंदीवरून कळतं. खाली वाकून गंज बघावा. मला वाकता येत नाही, लेक रस्त्यावर सरळ पाठ टेकून गाडीखाली गेली. सांगलीत असती तर आईनं ओरडून गल्ली गोळा केली असती.

पत्र्याला कुठे लुकण भरून वरून रंग दिलाय का, हे बघायला लोहचुंबक लागतं. ते फ्रिजवरचं आणलं होतं, गणपतीचं. मी गणपती हातात घेऊन गाडीला प्रदक्षिणा घातली. दारावर चिकटला, टपाच्या कडेला चिकटला, मागच्या उजव्या चाकाच्या वर लावला तर सरळ घसरून खाली पडला. मालकाकडे बघून मी नुसती मान हलवली. भाषा लागली नाही. त्यांनी आपण होऊन ४०० डॉलर कमी केले. जावई माझ्याकडे पहिल्यांदाच तक्त्याबाहेरच्या नजरेनं बघत होता.

सौ. तेवढ्यात आत जाऊन ओट्याची जागा वितीनं मोजत होती. पाच लिटरचा कुकर मावेल, मोठा मावणार नाही, असा तिचा निकाल झाला. मग मान बाहेर काढून म्हणाली, "अहो, तो गणपती द्या इकडे. आणि ड्रायव्हरच्या समोर लोखंड आहे का बघा, तिथे सगळं प्लॅस्टिकच दिसतंय."